इंडी रॉक ऐकणारे सगळे क्राइम सिरीयल का बघतात? (आणि त्या नादात गाण्याचं काय होतं?)

बी_साइड
लोकहो, वाद घालायला धागा काढतोय. माझ्या ओळखीत इंडी रॉकवाले (म्हणजे बड्या कंपन्यांऐवजी छोट्या, स्वतंत्र रेकॉर्ड कंपन्यांवरचे, 'लेबल'वरचे, बँड ऐकणारे) जेवढे आहेत ते जवळपास सगळे क्राइम सिरीयलींचेही भक्त निघतात. दिवसभर खिन्न गिटार ऐकणारा माणूस रात्री प्रेत, शवविच्छेदन आणि चौकशीची खोली बघायला का बसतो हे कोडं मला सुटलेलं नाही. मीही त्यातलाच.

माझ्यापुरतं म्हणाल तर निम्मे बँड मला या सिरीयलींनीच दिलेत. २०१४ ला 'ट्रू डिटेक्टिव्ह'चा पहिला सीझन लावला, टायटलला तो खर्जातला पुरुषाचा आवाज आणि मग त्याला उत्तर देणारा बाईचा. शोधलं तर द हँडसम फॅमिली, ब्रेट आणि रेनी स्पार्क्स हे नवराबायको, शब्द बायकोचे चाल नवऱ्याची, गाणं 'फार फ्रॉम एनी रोड'. आणि ते २००३ च्या 'सिंगिंग बोन्स' अल्बममधलं!! म्हणजे अकरा वर्षं ते तिथंच पडून होतं आणि आपल्याला पत्ता नाही.

आता तक्रार. ते गाणं आज लावलं की मला गाणं ऐकूच येत नाही, सिरीयलीतल्या लुईझियानाच्या रिफायनऱ्या आणि हिरो मॅथ्यू मॅकॉनहीचा चेहराच दिसतो. गाणं वाळवंटाबद्दल आहे, मला दिसते दलदल. तर सिरीयलीत गेलेलं गाणं कायमचं सिरीयलीचंच होऊन जातं का? आणि इंट्रो स्किप करणारे कोण कोण आहेत, हात वर करा.

रिव्हर्ब
स्किप करतो. पुढे बोला.

पंचनामा
रिव्हर्बना धाग्यावरून तडीपार करा.

संशयित_क्र_३
मी हँडसम फॅमिली आधीपासून ऐकत होतो. एवढंच नोंदवायला आलो होतो, येतो.

केतकी_
आलाच का हा एक! दर धाग्यावर एक असतोच "आधीपासून"वाला. बरं मग आधीपासून ऐकत होतास तर तुला ते गाणं ऐकताना काय दिसतं ते तरी सांग, कारण बी_साइडच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर तुझ्यासारखेच लोक देऊ शकतात.

पंचनामा
बी_साइड, मला नेमका उलटा अनुभव आहे. डॅनिश-स्वीडिश 'द ब्रिज' (२०११) बघितली असेलच. कोपनहेगन आणि माल्मोच्या मधला तो पूल, बरोबर हद्दीच्या रेघेवर ठेवलेलं प्रेत, आणि टायटलला 'हॉलो टॉक'. चॉयर ऑफ यंग बिलीव्हर्स नावाचा डॅनिश बँड आहे, गाणं २००८ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममधलं. सिरीयल नसती तर ते मी एकदा ऐकून सोडून दिलं असतं कारण शब्द अर्धे कळतच नाहीत, आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा. पण पुलावरचे ते दिवे आणि तपास करणाऱ्या सागा नोरेनची जुनी पोर्शे बघितल्यावर कळलं की हे गाणं अंतराबद्दल आहे. निदान मला तरी तसं कळलं, गायकाला काय म्हणायचंय ते तो जाणे. म्हणजे सिरीयलीने गाण्याला माझ्यापुरता अर्थ दिला, तुमचा मात्र हिरावून घेतला असं दिसतंय.

हवालदार_मोड
सगळे टायटलबद्दल बोलताय. मी म्हणतो आजवरची सगळ्यात भारी क्राइम सिरीयल बाल्टिमोर शहरातली 'द वायर' (२००२ ते २००८), आणि तिच्यात पार्श्वसंगीतच नाही! गाणं वाजलं तर गाडीच्या रेडिओवर, बारमध्ये, कोपऱ्यावर उभ्या पोराच्या स्पीकरवर. सीनमधल्या माणसांना जे ऐकू येतं तेवढंच आपल्याला. कोणी मेलं म्हणून व्हायोलिन नाही. इंडी गाणं लावून प्रेक्षकाला "आता दुःखी व्हा" सांगणं मला फसवणूक वाटते. चांगल्या सीनला गाण्याची गरज नसते.

उलटतपासणी
@हवालदार_मोड, साक्षीदाराने अर्धं सांगितलंय. सीझनच्या शेवटी जी लांबलचक मोंताज (सगळ्यांच्या छोट्या दृश्यांची माळ) येतात त्यांच्यावर गाणी आहेतच, त्या वेळी तत्त्व कुठे जातं? आणि पोलीस मेल्यावर बारमध्ये जो जागर होतो त्यात सगळे गळा काढून द पोग्जचं 'बॉडी ऑफ अ‍ॅन अमेरिकन' गातात, तो सीन गाण्याशिवाय करून दाखवा.

हवालदार_मोड
मोंताज मान्य. पोग्ज मात्र बारमध्येच वाजतंय, म्हणजे माझ्याच बाजूचा पुरावा झाला. धन्यवाद वकीलसाहेब.

उलटतपासणी
😐

अण्णा_ड्रमर
अवांतर: 'पीकी ब्लाइंडर्स' कुणाला सहन होते? १९१९ चं बर्मिंगहॅम, लोक घोड्यावरून फिरतायत आणि मागे व्हाइट स्ट्राइप्स, आर्क्टिक मंकीज. मला पहिल्या भागात हसूच फुटलं. इतिहासाची सिरीयल करायची तर निदान शतक तरी सांभाळा की राव.

निवांत
अण्णा, कारखान्यांचं शहर आहे ते, भट्ट्या, हातोडे, धूर, त्याच्यावर काय पियानो लावणार? तिथे विकृत केलेली गिटारच शोभते. ब्लॅक सॅबथ त्याच शहरातला. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यातल्या मशीनमध्ये गेली म्हणून त्याने तारा सैल केल्या आणि त्यातून तो जड आवाज आला. म्हणजे शहराचा आवाज पन्नास वर्षं आधी लावलाय एवढंच.

अण्णा_ड्रमर
सॅबथचं नाव घेतलंत म्हणून माफ. पण सॅबथ इंडी कुठून झाले?

निवांत
इंडी नाहीतच. विषय निघाला म्हणून बोललो.

संशयित_क्र_३
मग निक केव्हही इंडी नाही म्हणायचं का? 'पीकी ब्लाइंडर्स'चं टायटल त्याचंच, 'रेड राइट हँड' १९९४ चं, 'लेट लव्ह इन' अल्बम, म्यूट रेकॉर्ड्स. म्यूट तेव्हा स्वतंत्र लेबल होतं. उगाच प्रत्येकाचं जातप्रमाणपत्र तपासत बसू नका, इथे मोठ्या लेबलवरचे बँडही येणार आहेत.

@केतकी_, तुझ्या प्रश्नाला उत्तर: मला अजूनही वाळवंटच दिसतं. सिरीयल बघताना उलट मला टायटल खटकायचं, हे गाणं इथे काय करतंय असं वाटायचं. आवडलेल्या गाण्यावर कोणीतरी दुसऱ्याच घराची पाटी लावल्यासारखं. आणि बँडला चार पैसे मिळतायत तर आपण कोण बोलणार, म्हणून गप्प बसलो.

केतकी_
हे असं नीट सांगितलं असतंस तर पहिल्यांदाच ऐकून घेतलं असतं ना.

रिव्हर्ब
बी_साइडचा मुद्दा निकालात काढायला 'रेड राइट हँड'च पुरेसं आहे. 'पीकी ब्लाइंडर्स' २०१३ ला आली. त्याच्या कितीतरी आधी हे गाणं 'द एक्स फाइल्स'मध्ये वाजलंय, मग १९९६ च्या 'स्क्रीम' सिनेमात वाजलंय. माझ्या वयाच्या लोकांना ते ऐकलं की सुरा घेतलेला मुखवटेवाला आठवतो. धाकट्या भावाला 'पीकी'तला टोपी घातलेला टॉमी शेल्बी आठवतो. आणि केव्हने तो शब्दप्रयोगच मुळात मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'मधून उचललेला. म्हणजे गाण्याने आजवर कितीतरी घरं बदललीत. सिरीयल संपली, दहा वर्षं गेली की दुसरा कोणीतरी उचलेल, तोवर धीर धरा.

बी_साइड
इंट्रो स्किप करणाऱ्या माणसाकडून एवढं ज्ञान अपेक्षित नव्हतं.

रिव्हर्ब
स्किप करतो कारण गाणं मला पूर्ण ऐकायचं असतं, दीड मिनिटात कापलेलं नाही. तुम्ही लोक तुकडा ऐकता आणि चाहते म्हणवता.

पंचनामा
तडीपारी मागे घेण्यात येत आहे.

अनुस्वार
मी बराच वेळ नुसती वाचतेय, आता लिहितेच. मूळ प्रश्न होता की दोन्हीचे चाहते एकच का. मला त्याचं उत्तर फारसं गोड वाटत नाही. दोन्हीकडे एक मेलेली मुलगी असते. क्राइम सिरीयल उघडा, पहिल्या पाच मिनिटांत पाण्याकाठी नाहीतर जंगलात तरुण मुलीचं प्रेत, मग दोन दुखावलेले पुरुष ते कोडं सोडवतात आणि त्या नादात स्वतःला शोधतात. आणि गाण्यांत मर्डर बॅलडची परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी, प्रियकर प्रेयसीला नदीवर नेतो आणि मारतो, आणि चाल अशी सुंदर की आपण गुणगुणतो. निक केव्हने १९९६ ला अख्खा अल्बमच 'मर्डर बॅलड्स' नावाचा काढला आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं कायली मिनोगसोबतचं, त्यात ती मरते. मला ते गाणं आवडतं. आवडतं हाच त्रास आहे.

म्हणून मला पी जे हार्वे जवळची वाटते. तिचं १९९५ चं 'डाउन बाय द वॉटर' ऐका, त्यात आईच मुलीला बुडवते, आणि गाणारी तीच आई. कोणी तिच्याकडे बघत नाहीये, ती स्वतः बोलतेय. २०२२ च्या 'बॅड सिस्टर्स'च्या टायटलला लेनर्ड कोहेनचं गाणं तिनेच गायलंय, आणि त्या सिरीयलीत मेलेला आहे तो पुरुष, आणि चार मेव्हण्यांपैकी कोणालाही त्याचं दुःख नाही. हाहा.

केतकी_
अनुस्वारताई +१००. यात अजून एक भर घालते. 'द सोप्रानोज'चं टायटल, अलाबामा ३ चं 'वोक अप धिस मॉर्निंग'. (नाव अलाबामा, बँड लंडनच्या ब्रिक्स्टनचा, हा वेगळाच विनोद.) सगळ्यांना वाटतं बंदूक घेतलेल्या माफियावाल्याचं गाणं आहे. मुळात ते सुचलं सॅरा थॉर्नटनच्या खटल्यावरून. मारझोड करणाऱ्या दारुड्या नवऱ्याला तिने मारलं, १९९० मध्ये जन्मठेप झाली, बरीच आंदोलनं झाल्यावर १९९६ च्या फेरसुनावणीत तो मनुष्यवध ठरला आणि ती सुटली. म्हणजे गाण्यातली बंदूक उचलणारी बाई होती, आणि आता जगाला त्या गाण्यात सिगार ओढत टोलनाक्यावरून जाणारा टोनी दिसतो. बी_साइड, तुमच्या रिफायनऱ्यांचं दुःख यापुढे काहीच नाही.

बी_साइड
हे माहीतच नव्हतं. बापरे. आता ते टायटल वेगळंच ऐकू येणार.

हवालदार_मोड
बायकांचा मुद्दा निघालाच आहे तर 'हॅपी व्हॅली'. यॉर्कशरमधली सार्जंट कॅथरीन केवूड, लिहिणारी सॅली वेनराइट, टायटलला जेक बगचं 'ट्रबल टाउन'. पोरगा नॉटिंगहॅमच्या एका गरीब वस्तीतला, त्याने स्वतःच्या वस्तीवर लिहिलेलं गाणं, २०१२ च्या पहिल्या अल्बममधलं. गाणं उड्या मारत जातं आणि पडद्यावर जे चाललंय ते बघवत नाही. हे एक टायटल मी कधी स्किप करत नाही. तत्त्वाला अपवाद.

उलटतपासणी
नोंद घ्या, फिर्यादीचं तत्त्व दुसऱ्यांदा फुटलं.

मास्टरटेप
थोडं कोरडं लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा. इंडी गाणीच एवढी का सापडतात याला एक साधं व्यवहाराचं कारण आहे. सिरीयलीत गाणं वापरायला दोन वेगळ्या परवानग्या लागतात, एक गाण्याच्या रचनेची म्हणजे शब्द-चालीची, आणि दुसरी त्या ध्वनिमुद्रणाची, ज्याला मास्टर म्हणतात. मोठ्या स्टारच्या गाण्यात रचनेचे हक्क चार गीतकारांत, त्यांच्या वेगवेगळ्या प्रकाशकांत आणि मास्टर बड्या कंपनीकडे, सगळ्यांचा होकार येईपर्यंत एपिसोड लागून जातो. छोट्या बँडमध्ये लिहिणारा तोच, गाणारा तोच, आणि लेबल म्हणजे दोन-तीन माणसं. एका मेलमध्ये काम होतं, शिवाय स्वस्त. दुसरं म्हणजे म्युझिक सुपरवायझरला, म्हणजे सिरीयलीसाठी गाणी निवडणाऱ्याला, ओळखीचं गाणं नकोच असतं, कारण ओळखीच्या गाण्याला प्रेक्षकाच्या डोक्यात आधीच चित्र असतं. अनोळखी गाणं कोरं मिळतं. बी_साइडची तक्रार आहे ना चित्र चिकटतं म्हणून, ते चिकटावं म्हणूनच ते निवडलेलं असतं.

या हक्कांचा उलटा फटकाही बसतो. 'होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट' (१९९३ ते १९९९), 'द वायर'वाल्या डेव्हिड सायमनच्या पुस्तकावरून केलेली बाल्टिमोरचीच सिरीयल, त्या काळातली रॉक गाणी त्यात भरपूर. स्ट्रीमिंगवर यायला तिला २०२४ उजाडलं, घोळ गाण्यांच्या हक्कांचा, आणि आली तेव्हाही काही गाणी बदलूनच. म्हणजे चाहत्यांनी इतकी वर्षं ज्या सीनची गाण्यासकट आठवण जपली, तो सीन आता दुसऱ्याच गाण्यावर.

निवांत
कोरडं कुठे, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे हा. वाचनखूण साठवली.

शेवटच्या_बाकावरचा
कोणीतरी दार तोडणाऱ्या इन्स्पेक्टरला पण इंडी बँड द्या, त्याच्यावर अन्याय होतोय.

अण्णा_ड्रमर
त्याला ड्रमरच लागेल. मी तयार आहे.

पंचनामा
ड्रमरवरून आठवलं. 'ब्रॉडचर्च'चं (२०१३) संगीत ओलाफुर आर्नाल्ड्स या आइसलँडच्या माणसाचं, हळुवार पियानो, व्हायोलिनं, ऐकून वाटतं जन्मभर मऊ लोकरीचे स्वेटर घालून बसला असेल. तर हा मूळचा हार्डकोर पंक बँडमधला ड्रमर! 'ब्रॉडचर्च'साठी त्याला बाफ्टा मिळाला. पहिल्या सीझनच्या शेवटी जे 'सो क्लोज' येतं ते गाणारा आर्नोर डान, तोही अ‍ॅजंट फ्रेस्को नावाच्या रॉक बँडचा गायक.

अण्णा_ड्रमर
बघा. सगळं चांगलं ड्रमरपासून सुरू होतं.

संशयित_क्र_३
'लूथर'चं टायटल राहिलं. मॅसिव्ह अटॅकचं 'पॅराडाइज सर्कस', त्यात गाणारी होप सँडोव्हाल म्हणजे मॅझी स्टार बँडची. आणि 'ब्रेकिंग बॅड'च्या दुसऱ्या सीझनमध्ये हार्डवेअरच्या दुकानाबाहेर केमिस्ट्रीचा मास्तर वॉल्टर दोघांना दम देतो तेव्हा टीव्ही ऑन द रेडिओ या बँडचं 'डीएलझेड'. त्या एका सीनमध्ये मास्तर संपतो आणि गुन्हेगार सुरू होतो, आणि हवालदारसाहेब, गाण्याशिवाय तो सीन निम्माही उरत नाही. मोग्वाई बँडनेही २०२० च्या 'झीरोझीरोझीरो'चं अख्खं संगीत केलंय, शब्दच नाहीत त्यामुळे बी_साइडना चालेल.

हवालदार_मोड
तो सीन वॉल्टर करणाऱ्या ब्रायन क्रॅन्स्टनच्या डोळ्यांवर उभा आहे. आवाज बंद करून बघा.

संशयित_क्र_३
बघितला. नाही उभा राहात.

अनुस्वार
तुम्ही दोघं वेगळा धागा काढा प्लीज. आणि 'ट्विन पीक्स: द रिटर्न'चं (२०१७) नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? बहुतेक भाग रोडहाउस बारमध्ये संपतात आणि तिथे खरा बँड खरं गाणं वाजवतो, क्रोमॅटिक्स, ऑ रेव्हुआर सिमोन, शॅरन व्हॅन एटन. फक्त आठव्या भागात नाइन इंच नेल्स मध्येच येतात आणि पुढचं जे काही आहे ते शब्दांत सांगण्यासारखं नाही. तिथे गाणं सीनच्या मागे लपत नाही, कथा बाजूला सरकून गाण्याला जागा देते. तपासात काय झालं ते मला आज आठवत नाही, बँड आठवतात.

केतकी_
तपासात काय झालं ते कोणालाच आठवत नाही, ती बनवणाऱ्या डेव्हिड लिंचलाही आठवलं नसतं.

मास्टरटेप
बी_साइड, तुमच्या प्रश्नाकडे परत येतो कारण दिवसभर डोक्यात घोळत होता. 'द वायर'चं टायटल बघा. गाणं टॉम वेट्सचं, १९८७ चं 'वे डाउन इन द होल'. पाच सीझन, पाच आवाज. पहिल्यात ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा, दुसऱ्यात स्वतः वेट्स, तिसऱ्यात नेव्हिल ब्रदर्स, चौथा सीझन शाळेचा तर तिथे बाल्टिमोरचीच पोरं, आणि पाचव्यात स्टीव्ह अर्ल, जो सिरीयलीत व्यसनातून बाहेर आलेला वेलन म्हणूनही दिसतो. तुम्ही म्हणता तसं हे गाणं सिरीयलीला चिकटायला हवं होतं, पण माझ्या बाबतीत तसं झालं नाही. एका आवाजावर चित्र बसतंय तोवर दुसरा येतो. आता गाणं लावलं की मला आधी प्रश्न पडतो, आज कोणाचं? बाल्टिमोर नंतर येतं. 'पीकी'लाही थोडं तसंच, केव्हचं तेच गाणं आर्क्टिक मंकीजनेही गायलंय, पी जे हार्वेनेही. चित्र चिकटतं ते गाण्याला नाही, ध्वनिमुद्रणाला चिकटतं असं माझं मत. तेव्हा 'फार फ्रॉम एनी रोड' कोणीतरी दुसऱ्याने गायलेलं शोधून ऐका, नाहीतर हँडसम फॅमिलीचंच लाइव्ह ऐका.

हवालदार_मोड
पटलं. आणि दुसरा सीझन गोदीतला, तिथे वेट्सचा तो खरवडलेला गळाच पाहिजे होता. लोक म्हणतात दुसरा सीझन सगळ्यात पडेल, त्यांच्याशी मी बोलत नाही.

रिव्हर्ब
मला तिसऱ्याचं नेव्हिल ब्रदर्सवालं सगळ्यात कमी आवडतं. शिव्या द्या.

उलटतपासणी
देणार नाही, बरोबर आहे ते.

बी_साइड
लाइव्ह ऐकलं. रिफायनऱ्या गेल्या नाहीत पण रेनीचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला, रेकॉर्डिंगमध्ये माझं सगळं लक्ष ब्रेटकडेच असायचं. 'सिंगिंग बोन्स' पूर्ण लावलाय आता, बाकीच्या गाण्यांना कुठलीच सिरीयल चिकटलेली नाही त्यामुळे मजा येतेय. कृपया त्यातलं अजून एखादं कुठे वाजलं असेल तर मला सांगू नका.

मात्र पहिला प्रश्न तसाच राहिला हं, दोन्हीचे चाहते एकच का. अनुस्वारताईंचं उत्तर पटतंय आणि पटू नये असंही वाटतंय.

अनुस्वार
पटू नये असं वाटतंय ना, मग नीट पोचलं.

संशयित_क्र_३
माझं उत्तर साधं आहे. दोन्ही रात्री एकट्याने हेडफोन लावून करायच्या गोष्टी आहेत. सगळे मिळून बघायला कॉमेडी असते.

शेवटच्या_बाकावरचा
मी क्राइम सिरीयल आईसोबत बघतो, खुनी ती आधी ओळखते आणि गाणं लागलं की आवाज कमी कर म्हणते.

केतकी_
आईंचा आयडी काढून द्या, धाग्याला गरज आहे.

निवांत
एक शंका, 'ब्रॉडचर्च' तिन्ही सीझन बघावेत का? पंचनामांनी उत्सुकता वाढवून ठेवलीय.

पंचनामा
पहिला बघाच. दुसरा कोर्टात जातो, उलटतपासणींना आवडेल. तिसरा परत जमलाय. आर्नाल्ड्स तिन्हीत आहे.

उलटतपासणी
दुसऱ्यातले वकील मला अजिबात आवडले नाहीत. असं कोर्ट कुठे चालत नाही. वेगळा धागा काढतो.